दंड भरा आणि मोकळे व्हा...?

मित्रांनो, आपल्या रोजच्या बोलण्यात एक वाक्य इतकं सहज येतं की त्याचा अर्थ काय, याचा आपण कधी विचारच करत नाही. "जाऊ दे ना भो, पावती फाड आणि मोकळा हो!" सिग्नल तोडला, पावती फाड. ट्रिपल सीट सापडला, पावती फाड. गणपतीच्या मिरवणुकीत बाचाबाची झाली, पोरं चौकीवर गेली, मग कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हण, दोनशे रुपये भर आणि मोकळा हो! जणू काही दंड म्हणजे सुटकेचं तिकीटच.

पण दंड भरला की माणूस खरंच मोकळा होतो का? आणि सगळेच सारखे मोकळे होतात का? माझं स्पष्ट मत असं आहे की, दंड लहान की मोठा हे पावतीवरच्या आकड्यावर ठरत नाही. तो कोण भरतोय यावर ठरतं. आणि आपल्याकडे नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

मी मेहरूणमध्ये खोली करून राहतो. एकेकाळी बोरांसाठी ओळखलं जाणारं हे जळगावचं मेहरूण. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जवळच एमआयडीसी. त्यामुळे आमच्या गल्लीत सगळ्या प्रकारची माणसं आहेत. चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यात पाळी करणारे कामगार, डाळ मिलमध्ये जाणाऱ्या बाया, तलावाच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावणारे भेळवाले, चारचाकीतून फिरायला येणारी कुटुंबं, आणि आपल्यासारखे खोलीवर राहणारे विद्यार्थी. कायदा या सगळ्यांना एकच. दंडही एकच. यालाच समानता म्हणतात, असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. पण ही समानता जरा तपासून पाहायला हवी.

आधी एक गोंधळ दूर करतो. बरेच जण कोर्ट फी, तडजोड शुल्क आणि दंड हे सगळं एकाच पोत्यात भरतात. कोर्ट फी ही मुख्यतः दिवाणी दाव्याची गोष्ट. आपण दावा लावतो, त्यासाठी सरकारला भरायचे पैसे. आपल्या राज्यात तिचा कायदा १९५९ सालचा आहे. २०१८ मध्ये या फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. मालमत्ता, पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा वादांत महिलांना १९९४ पासून ही फी माफ आहे. फौजदारी गुन्ह्यात मात्र सरकारच फिर्यादीच्या जागी उभं असतं, त्यामुळे आरोपीला खटल्यासाठी अशी मोठी फी भरावी लागत नाही. तडजोड शुल्क म्हणजे वाहतूक पोलीस रस्त्यावर घेतात ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार ही रक्कम राज्य सरकार ठरवतं. ती भरली की प्रकरण तिथेच संपतं, कोर्टात जात नाही. आणि दंड म्हणजे न्यायाधीशांनी दोषी ठरवून दिलेली शिक्षा! पैशातली असली तरी ती शिक्षाच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता थोडा इतिहास पाहू. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात कलम ५१० होतं. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घातला तर २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० साली दहा रुपये ही खेड्यातल्या मजुराच्या दृष्टीने मोठी रक्कम होती. तो दंड त्याला खरंच जिव्हारी लागत असणार. गंमत अशी की हे दहा रुपये ३० जून २०२४ पर्यंत कायद्यात तसेच होते! १६४ वर्षं! तोपर्यंत दहा रुपयांत कटिंग चहा मिळायचा, तोही टपरीवरचा. सार्वजनिक उपद्रवाला २०० रुपये, रस्त्यात अडथळा केला तर २०० रुपये, हेही तसंच कित्येक पिढ्या चालू राहिलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात जो आकडा एकदा छापला जातो, तो तिथेच गोठून राहतो आणि बाहेर रुपया वितळत जातो.

मग १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. धिंगाण्याचा दंड १० वरून १००० रुपयांपर्यंत गेला. सार्वजनिक उपद्रवाचा २०० वरून १००० पर्यंत. आणि रस्त्यात अडथळा करण्याचा दंड २०० वरून थेट ५००० रुपयांपर्यंत! अर्थात 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे, न्यायाधीश कमीही करू शकतात. पण विचार करा, रस्त्यात अडथळा केल्याबद्दल सापडतं कोण? हातगाडीवाला, केळीवाला, भेळवाला. हॉलसमोर दुहेरी रांगेत लागलेल्या वऱ्हाडाच्या गाड्यांवर हे कलम लागलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स सगळ्यांनीच घासलंय. स्ट्रेस म्हणजे फोर्स भागिले एरिया. भार तोच, पण सळई बारीक असेल तर स्ट्रेस जास्त. जाड सळईला ज्या भाराचा पत्ताही लागत नाही, त्याच भाराने बारीक सळई तुटते. दंडाचं अगदी तसंच आहे. लायसन्सशिवाय गाडी चालवण्याचा दंड आधी ५०० रुपये होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो ५००० झाला. समजा, एखाद्याला रोज ५०० रुपये हजेरी मिळते. त्याच्यासाठी ५००० म्हणजे दहा दिवसांची मजुरी. महिन्याला एक लाख पगार घेणाऱ्यासाठी तोच आकडा म्हणजे दीड दिवस. एकाला दहा दिवसांची शिक्षा, दुसऱ्याला दीड दिवसाची. गुन्हा एक, कलम एक, पावती एक! याला समानता म्हणायचं का?

२०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. पहिल्यांदा सापडलं की ५००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदीचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेहरूण तलावाच्या काठावर अडकलेल्या कॅरीबॅग रोज बघणारा माणूस त्या बंदीला नावं ठेवणार नाही. पण कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून देणारी भाजीवाली आणि एसी शोरूम यांना तोच पाच हजारांचा आकडा! शोरूमवाला हा खर्च जाहिरातीच्या बजेटमध्ये सहज जिरवतो. भाजीवालीचं मात्र भांडवलच पाच हजार नसतं. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

"मग नाही भरला दंड तर काय होईल?" असा प्रश्न काही जण विचारतील. इथेच खरी मेख आहे. दंड भरला नाही तर कैद! ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, तुरुंगाची नाहीच, तिथेसुद्धा दंड न भरल्यास तुरुंग आहे. जुन्या संहितेत ५० रुपयांपर्यंतचा दंड थकला तर दोन महिन्यांपर्यंत साधी कैद देता येत असे. नव्या न्याय संहितेत ५००० पर्यंतच्या दंडासाठी दोन महिन्यांपर्यंत, १०,००० पर्यंत चार महिन्यांपर्यंत आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत. म्हणजे ज्याच्या खिशात पाच हजार आहेत, त्याला त्या गुन्ह्यासाठी तुरुंग नाही. ज्याच्या खिशात नाहीत, त्याला आहे. शिक्षा गुन्ह्याची झाली की गरिबीची?

आपल्यातले कितीतरी जण पाचोरा, चाळीसगाव, भुसावळहून रोज अप-डाऊन करतात, म्हणून रेल्वेचंही सांगतो. विनातिकीट सापडलं तर भाडं अधिक किमान २५० रुपये, हे २००४ पासूनचं आपल्याला तोंडपाठ आहे. पण ही रक्कम दिली नाही तर रेल्वे ती दंडाप्रमाणे वसूल करायला मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकते, आणि तरीही भरली नाही तर किमान दहा दिवस ते एक महिना कैदेचा आदेश होऊ शकतो, हे किती जणांना माहीत आहे? अडीचशे रुपये नाहीत म्हणून दहा दिवस! भुसावळच्या रेल्वे कोर्टात उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच मित्राला फोन करून पैसे मागवता येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळत नाही असं मुळीच नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासमोर एक गरीब गवंडी होता. त्याला जामीन मंजूर होऊनही दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं आणि जामिनाची रक्कम हजार रुपयांवर आणली. २००७ मध्ये शांतीलाल प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की, दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ गुन्ह्याची शिक्षा नाही, दंड न भरल्याचा तो परिणाम आहे. म्हणून ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थितीही पाहिली पाहिजे. म्हणजे तत्त्व वरपर्यंत मान्य आहे. अडचण खाली आहे. छोट्या खटल्यांच्या दिवशी बोर्डावर भरपूर प्रकरणं असतात. पुकारा होतो, नाव, 'गुन्हा कबूल आहे का?', 'हो साहेब', दंड, पुढचा! 'बाबा रे, तू कमावतोस किती?' हे विचारायला तिथे वेळ कुणाला आहे?

आता 'मोकळा हो' या शब्दाकडे येऊ. आमच्या मजल्यावर एक मुलगा राहायचा. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, डिप्लोमा झालेला, पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पाचला तलावाला चकरा मारायला जायचा, आम्ही तेव्हा गाढ झोपेत. गावाकडच्या एका मिरवणुकीत गोंधळ झाला, त्यात सात-आठ पोरांची नावं आली. हा धक्काबुक्कीत होता की नुसता बाजूला उभा होता, ते तोच जाणे. दोन-तीन तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला एक दिवस वाया, बसभाडं, झेरॉक्स, वकिलाचे पैसे. शेवटी कुणीतरी अनुभवी माणसाने सल्ला दिला, "कबूल करून टाक, दोनशे रुपयांत विषय संपेल." त्याने कबूल केलं. दोनशे रुपये भरले. सगळ्यांनी चहा घेतला. विषय संपला.

विषय संपला नव्हता. भरतीच्या वेळी साक्षांकन नमुना हातात आला. त्यात प्रश्न होता: आपणावर कधी खटला झाला आहे काय? आपणास न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय? दंड झाला आहे काय? त्या रात्री तो फॉर्म समोर घेऊन बसला होता. 'हो' लिहिलं तर नोकरी जाईल अशी भीती, 'नाही' लिहिलं तर माहिती लपवल्याचा ठपका. दोनशे रुपयांची ती पावती त्याला तेव्हा कळली. कारण कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे 'विषय मिटवणं' नव्हे. ते दोषी ठरणं आहे. रस्त्यावरचं तडजोड शुल्क वेगळं आणि हे वेगळं, असं मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी. त्याने 'हो' लिहिलं. त्याचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही, ते त्याचं खासगी आहे. पण ती रात्र मी पाहिली आहे.

या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालय तरुणांच्या बाजूने बोललेलं आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराचं प्रकरण आलं. त्याने जुना, तडजोडीने मिटलेला खटला अर्जात लपवला होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालात तरुण वयातल्या चुकांकडे जरा उदारपणे पाहायला हवं असं म्हटलं आणि ब्रेड चोरल्याबद्दल आयुष्यभराचा शिक्का बसलेल्या ज्याँ वालज्याँची, म्हणजे व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या नायकाची, आठवण दिली. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी या विषयाचे नियमच घालून दिले: माहिती खरी द्यावी, पण तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य वापरून ती चूक दुर्लक्षित करता येते. 'करता येते' बरं का, 'केलीच पाहिजे' असं नाही. म्हणजे पुन्हा साहेबाच्या मर्जीवर!

आणि सगळ्यात वाईट काय वाटतं सांगू? त्या मुलाला दुसरा रस्ता होता. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. पहिलाच आणि किरकोळ गुन्हा असेल तर न्यायालय दंड न करता ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. आणि त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार, अशा रीतीने सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही! 'दोनशे भर आणि मोकळा हो' हे सांगायला मात्र गावभर लोक होते.

दंड एकरकमी जमत नसेल तर न्यायालय तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. मोबाइलला ईएमआय असतो हे आपल्याला माहीत, दंडालाही हप्ते असू शकतात हे माहीत नाही! वर्षाला ३ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या माणसाला महाराष्ट्रात मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. लोकअदालतीत तडजोडयोग्य प्रकरणं मिटतात. २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. तिच्या २०२३ च्या नियमांनुसार दंड भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्या कैद्याला २५,००० रुपयांपर्यंत आणि जामिनाची रक्कम नसलेल्या कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. सरकारला अशी योजना काढावी लागली, यातच सगळं आलं. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसं गजाआड आहेत, याची ती सरकारी कबुलीच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण ज्याला समन्स आलंय त्याला पायरी चढावीच लागते. तो शहाणा असो की अडाणी! तेव्हा या म्हणीपेक्षा, चढण्याआधी नीट विचारून घ्यावं, हे शिकवणं जास्त उपयोगाचं.

आता माझ्या काही मित्रांचा आक्षेप सांगतो. ते म्हणतात, "तू दंड कमी करा म्हणतोस, म्हणजे लोकांनी काय वाटेल ते करायचं का? हायवेवर रोज माणसं मरतात." त्यांचं चुकीचं नाही. शिरसोली रस्त्याला किंवा अजिंठा चौफुलीला संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, दंड हवाच हे कुणालाही पटेल. मी दंड कमी करा असं म्हणतच नाही. मी म्हणतो, दंड सगळ्यांना सारखा लागला पाहिजे! आणि सारखा लागायचा असेल तर आकडा सारखा ठेवून चालणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून 'दिवसांचा दंड' आहे. गुन्ह्यानुसार दिवस ठरतात आणि माणसाच्या रोजच्या उत्पन्नानुसार दर दिवसाची रक्कम. २००२ मध्ये तिथे नोकिया कंपनीचे संचालक आन्सी वान्योकी यांना ५० च्या रस्त्यावर ७५ च्या वेगाने मोटरसायकल चालवल्याबद्दल सुमारे १,१६,००० युरो दंड ठोठावला गेला! ज्या नोकियाचा फोन आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी होता, त्याच नोकियाचा साहेब. तिथे साहेबालाही लागेल आणि कामगारालाही लागेल, पण मोडणार कुणीच नाही, असा हिशोब आहे. स्वीडन आणि जर्मनीतही ही पद्धत आहे. याच्या उलट टोक म्हणजे अमेरिकेतलं फर्ग्युसन शहर. २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानेच अहवालात म्हटलं की, तिथले पोलीस आणि कोर्ट सुरक्षेपेक्षा शहराच्या उत्पन्नासाठी दंड वसूल करत होते आणि त्यात कृष्णवर्णीय गरीब भरडले जात होते. दंड हे महसुलाचं साधन झालं की काय होतं, याचा हा धडा. आपल्याकडेही पावत्यांचे आकडे 'एवढे लाख वसूल' म्हणून छापून येतात, तेव्हा मला तो धडा आठवतो. अपघात किती कमी झाले, ते त्याच बातमीत का नसतं?

"भारतात उत्पन्न मोजणार कसं? निम्म्या लोकांकडे पगाराची स्लिप नाही," हा प्रश्न मात्र रास्त आहे. व्यापारी कागदावर गरीब असतो आणि नोकरदार कागदावर श्रीमंत. त्यामुळे फिनलंडची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. पण आपल्याच नव्या कायद्यात एक दार किलकिलं झालंय. न्याय संहितेत पहिल्यांदाच 'समाजसेवा' ही शिक्षा आली आहे. सहा गुन्ह्यांना ती देता येते. दारू पिऊन धिंगाणा हा त्यातला एक. पहिल्यांदाच केलेली ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, वस्तू परत केली तर, ही दुसरी. समाजसेवेची गंमत अशी की वेळ सगळ्यांकडे सारखाच असतो. लखपतीचे आठ तास आणि मजुराचे आठ तास घड्याळात सारखेच. मजुराची हजेरी बुडू नये म्हणून त्याला सुटीचा दिवस देता येईल, एवढं तारतम्य मात्र लागेल. किती तास, कुठलं काम, देखरेख कुणाची, हे संहितेत तपशीलवार लिहिलेलं नाही. ते ठरवायला हवं, आणि सहाऐवजी इतर किरकोळ गुन्ह्यांनाही हा पर्याय हवा. विसर्जनानंतर मेहरूण तलावाचा काठ साफ करायला माणसं हवीच असतात. ट्रिपल सीट स्टंट करणाऱ्या एखाद्या बड्या बापाच्या पोराने तिथे दोन रविवार निर्माल्य उचललं, तर बापाच्या खिशातून गेलेल्या हजार रुपयांपेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील. नाही का?

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्यासाठी क्रांती वगैरे करायची गरज नाही. पहिली: गुन्हा कबूल करण्याआधी प्रत्येकाला सोप्या मराठीत सांगितलं जावं की याचा अर्थ तू दोषी ठरशील, आणि ताकीद, हप्ते, मोफत वकील हे पर्याय तुला आहेत. कोर्टाच्या व्हरांड्यात एक मोठा फलक लावला तरी पुष्कळ. दुसरी: दंड न भरल्याबद्दल कैद देण्याआधी 'भरत नाही' आणि 'भरू शकत नाही' यातला फरक तपासला जावा. तिसरी: ज्याला पैसे जड आहेत त्याला श्रमाचा पर्याय मिळावा, आणि ज्याला पैसे हलके आहेत त्यालाही पैशाने सुटता येऊ नये.

आणि आपण काय करायचं? आपल्या कॉलेजात एनएसएस आहे, दरवर्षी खेड्यात कॅम्प जातो. तिथे वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता यांबरोबर एक संध्याकाळ विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलवू या. १५१०० हा नंबर प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर रंगवू या. हॉस्टेलमध्ये भरतीचे, एमपीएससीचे फॉर्म भरणाऱ्या मुलांना साक्षांकन नमुन्यातला तो प्रश्न आधीच दाखवून ठेवू या. आणि पुढच्या वेळी कुणी मित्र समन्स हातात घेऊन घाबरत घाबरत विचारायला आला, तर 'दोनशे भर आणि मोकळा हो' हे वाक्य आपल्या तोंडून निघू देऊ नका. त्याला आधी वकिलाकडे न्या. मोफत मिळतो!